लाइव्ह आलेख : हलतो म्हणजे खरा असतो का? (फोन, वेबपान आणि अलिबागची वेधशाळा)



आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर आज सतत काही ना काही हलत असतं. लोकल कुठे पोहोचली ते दाखवणारा ठिपका, हवेची गुणवत्ता दाखवणारी रेघ, क्रिकेटच्या धावांचा चढता आलेख. पाठ्यपुस्तकातला आलेख वाचायला आपण शिकवतो, पण वेबपानावर क्षणाक्षणाला बदलणारा आलेख कसा वाचायचा हे बहुधा कुणीच शिकवत नाही. आणि मुलं काय धरून चालतात? "लाइव्ह आहे, म्हणजे खरंच असणार." आपण मोठी माणसंही तेच धरून चालतो. घरातून कधी निघायचं, दम्याचा त्रास असलेल्या मुलाला आज मैदानावर पाठवायचं की नाही, असे निर्णय आपण त्या रेघेकडे बघूनच घेतो.

म्हणून आजचा पाठ दोन भागांत आहे. एक, चालू प्रोग्रामने दिलेले आकडे वेबपानावर आलेख होऊन कसे दिसतात. दोन, त्या आलेखावर विश्वास ठेवण्याआधी कोणते प्रश्न विचारायचे. उदाहरण आपल्या पनवेलच्या दाराशीच आहे.

इयत्ता : ८ वी ते १० वी
विषय : विज्ञान, गणित, संगणक
वेळ : दोन तासिका
साहित्य : एक स्मार्टफोन, एक लॅपटॉप (प्रोजेक्टर असल्यास उत्तम), लोखंडी कात्री, किल्ल्यांचा जुडगा, स्टीलचा डबा, आलेख कागद, तापमापी, खडू-फळा

१. पनवेलचं उदाहरण

नवीन पनवेलला कळंबोली हायवेलगत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे. आपल्यापैकी कितीतरी जण रोज तिच्यावरून जातात, पण आत काय चालतं हे मुलांना क्वचितच माहीत असतं. पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे आणि त्याचं बळ दिवसभर थोडं थोडं बदलत असतं. तो बदल मोजणं आणि समजून घेणं हे या संस्थेचं काम. तिच्या वेधशाळांमधली सर्वांत जुनी आणि नावाजलेली वेधशाळा म्हणजे अलिबागची.

या कामाची मुळं मुंबईत कुलाब्याला आहेत. तिथे १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेचा प्रवाह जिथून वाहतो तिथे चुंबकीय परिणाम होतो हे आपण दहावीला शिकवतोच. ट्राममुळे नोंदी बिघडणार हे ओळखून वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला हलवलं गेलं. तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभॉय मूस, या पदावर आलेले पहिले भारतीय. अलिबागला १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. कशासाठी? जुन्या आणि नव्या जागेच्या आकड्यांमध्ये किती फरक पडतो ते कळावं म्हणून. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तोपर्यंत सगळी तयारी झालेली होती.

मुलांना इथे थांबवून एक प्रश्न विचारा : "दोन्हीकडे दोन वर्षं मोजलं नसतं, तर काय अडचण आली असती?" उत्तर मुलांकडूनच येऊ द्या. जागा बदलली म्हणून आकडा बदलला की पृथ्वीत खरंच काही बदललं, हे कधीच कळलं नसतं.

आज अलिबागची वेधशाळा इंटरमॅग्नेट या जगभरच्या वेधशाळांच्या जाळ्यात आहे. या जाळ्यातल्या वेधशाळांचे मिनिटामिनिटाचे आकडे वेबपानावर आलेखाच्या रूपात बघायला मिळतात. म्हणजे समुद्रकाठच्या एका शांत खोलीतलं उपकरण आणि आपल्या वर्गातला पडदा यांच्यामध्ये एक साखळी आहे. ती साखळी आता बघू.

२. आकडा पडद्यावर येतो कसा?

फळ्यावर पाच चौकोन काढा : संवेदक, प्रोग्राम, सर्व्हर, ब्राउझर, चित्र.

*संवेदक* मोजतो. *प्रोग्राम* तो आकडा वाचतो आणि त्याच्याशेजारी वेळ लिहितो. *सर्व्हर* हे आकडे मागेल त्याला देतो. *ब्राउझर* ते मागून घेतो. शेवटी ब्राउझरमधलाच जावास्क्रिप्टचा छोटा प्रोग्राम त्यांचं *चित्र* काढतो.

मुलांना नेहमी पडणारा प्रश्न : पान आपोआप बदलतं कसं? आपण तर ते पुन्हा उघडलेलं नसतं. याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत पान दर थोड्या वेळाने सर्व्हरला विचारतं, "नवीन काही आहे का?" ऑफिसातल्या शिपायाला दर पाच मिनिटांनी खाली पाठवून "टपाल आलं का?" विचारायला लावण्यासारखंच. सोपी पद्धत, पण बऱ्याच फेऱ्या फुकट जातात. दुसरीत पान आणि सर्व्हर यांच्यात जोडणी उघडीच राहते, फोन चालू ठेवून बोलत राहावं तशी. नवा आकडा तयार झाला की सर्व्हर लगेच सांगतो. याला वेबसॉकेट म्हणतात. फोन मध्येच कट झाला तर पुन्हा लावायची जबाबदारी मात्र पानाची.

आता चित्र. इथे गणिताचा तास सुरू होतो, म्हणून जरा सावकाश जा.

समजा पानावर ३०० ठिपके (पिक्सेल) उंचीची चौकट आहे. तिच्यात आपल्याला ४० ते ५० मायक्रोटेस्ला एवढी पट्टी दाखवायची आहे. आकडा आला ४३. तो किती उंचीवर काढायचा?

(४३ − ४०) ÷ (५० − ४०) × ३०० = ९०

म्हणजे तळापासून ९० ठिपके वर. पण गंमत अशी की ब्राउझरच्या चौकटीत (तिला कॅनव्हास म्हणतात) शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं आणि मोजणी खाली खाली जाते. आपल्या वहीतल्या आलेखाच्या अगदी उलट! म्हणून ३०० − ९० = २१०. ठिपका वरून २१० वर येतो. हे वजा करायचं राहिलं की आलेख उलटा दिसतो, वाढ झाली की रेघ खाली जाते. मुलांना मुद्दाम उलटा आलेख काढायला लावा, मग विसरणार नाहीत.

आडव्या अक्षावर वेळ. चौकटीची रुंदी ६०० ठिपके आणि शेवटचे ६० आकडे दाखवायचे, तर प्रत्येकाला १० ठिपके. नवा आकडा आला की रांगेत मागे उभा राहतो आणि सर्वांत जुना पुढून बाहेर पडतो. तिकीट खिडकीच्या रांगेसारखंच. दर वेळी चौकट पुसून सगळी रेघ पुन्हा काढली जाते. हे इतक्या भराभर होतं की आपल्याला रेघ डावीकडे सरकताना दिसते. सरकत मात्र काहीच नसतं, दर वेळी नवं चित्र असतं.

३. कृती : फोन हीच आपली वेधशाळा

जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने 'फायफॉक्स' नावाचं मोफत ॲप बनवलं आहे. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींवर चालतं. फोनमधले संवेदक ते वाचतं आणि लाइव्ह आलेख काढतं. त्यातली आपल्या कामाची सोय म्हणजे 'रिमोट ॲक्सेस'. ती सुरू केली की फोन स्वतःच छोटा सर्व्हर होतो.

१) ॲपमध्ये चुंबकमापीचा (मॅग्नेटोमीटर) प्रयोग उघडा. काही स्वस्त फोनमध्ये हा संवेदक नसतो. तसं असेल तर आवाजाची तीव्रता किंवा त्वरण घ्या, बाकी पाठ तोच राहील.
२) लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर आणा. शाळेत वायफाय नसेल तर फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडा. इंटरनेट लागत नाही, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या वाडीवरच्या शाळेतही हे करता येतं.
३) ॲपच्या मेनूतून रिमोट ॲक्सेसला परवानगी द्या. फोनवर एक पत्ता दिसेल, तो लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाका.
४) फोन टेबलावर ठेवा आणि मोजणी सुरू करा. फोनचा पडदा चालू ठेवा, ॲप मागे टाकू नका.

पालकांसाठी सूचना : त्याच वायफायवरचा कुणीही तो पत्ता टाकून मोजणी बघू शकतो आणि थांबवूही शकतो. म्हणून काम झालं की परवानगी बंद करा. सार्वजनिक वायफायवर हा प्रयोग नको.

आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० ते ४५ मायक्रोटेस्ला असतं. फोनवर वेगळा आकडा आला तर घाबरू नका. बेंचचे लोखंडी पाय, भिंतीतल्या सळया, फोनचा स्वतःचा स्पीकर, सगळे त्यात भर घालतात. आता मुलांना आधी अंदाज लिहायला लावा आणि मगच एकेक वस्तू फोनजवळ आणा : कात्री, किल्ल्या, स्टीलचा डबा. कात्रीने रेघ उसळते. स्टीलच्या बऱ्याच डब्यांनी जवळजवळ काहीच होत नाही, आणि मुलं चकित होतात. सगळं स्टील चुंबकाला सारखा प्रतिसाद देत नाही, हा बोनस धडा. जोरदार चुंबक मात्र फोनला चिकटवू नका.

४. आता खरा पाठ : आलेखाला विचारायचे पाच प्रश्न

प्रश्न १ : पट्टी कुठून कुठपर्यंत आहे?
फोन स्थिर ठेवा. आकडा ४३.० ते ४३.४ च्या दरम्यान थरथरत असेल असं धरू. पट्टी ० ते ५० ठेवली, तर ३०० ठिपक्यांच्या चौकटीत हा ०.४ चा फरक २.४ ठिपके दिसेल. रेघ जवळपास सरळ. पट्टी ४२.९ ते ४३.५ केली, तर तोच फरक २०० ठिपके दिसेल. डोंगरदऱ्या! आकडे तेच, फक्त पट्टी बदलली. बरेच प्रोग्राम पट्टी आपोआप ताणतात, त्यामुळे साधी थरथरसुद्धा वादळासारखी दिसते. हे गणित मुलांकडून आलेख कागदावर करून घ्या.

प्रश्न २ : आकडा कुठे आणि कशाने मोजला?
१ मायक्रोटेस्ला म्हणजे १००० नॅनोटेस्ला. १० आणि ११ मे २०२४ ला मोठं चुंबकीय वादळ झालं, लडाखमध्ये हानले इथून आकाशात लाल प्रकाश टिपला गेला. त्या वेळी वादळाचा जागतिक निर्देशांक सुमारे ४०० नॅनोटेस्लाने खाली गेला होता. ४०० नॅनोटेस्ला म्हणजे किती मायक्रोटेस्ला? ०.४. म्हणजे आपला फोन टेबलावर पडल्या पडल्या जेवढा थरथरतो, तेवढंच! एवढं मोठं वादळसुद्धा फोनच्या थरथरीत हरवून जाईल. फोनच्या आलेखावर मोठी उडी दिसली तर ते सूर्यावरचं वादळ नव्हे. बहुधा कुणीतरी लोखंडी खुर्ची सरकवली, किंवा फोनने स्वतःच आपली जुळणी दुरुस्त केली. कुलाब्याहून अलिबागला जायची गरज का पडली, हे या टप्प्यावर मुलांना आपोआप कळतं.

प्रश्न ३ : किती वेळाने एक आकडा?
इथे कुलाब्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक तेजस्वी झळाळी पाहिली. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आलं. तेव्हा कुलाब्याला उपकरण डोळ्यांनी वाचून आकडे हाताने लिहीत. नेहमी तासाला एक नोंद, पण गडबड दिसली की दर १५ मिनिटांनी, कधी दर ५ मिनिटांनीही. २ सप्टेंबरच्या त्या नोंदींमध्ये क्षेत्राचा आडवा घटक, म्हणजे जमिनीला समांतर असलेला भाग, सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलेला दिसतो. त्या वादळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आजही या नोंदींकडे वळतात. पुढे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच नोंदींची तासाची सरासरी काढली, तर घट सुमारे ८५० आली. वादळ तेच, वही तीच, पण घट जवळपास निम्मी.

हे कसं होतं ते दाखवायला सरावासाठी चार आकडे घ्या (हे मूळ नोंदीतले नाहीत, फक्त गणितासाठी आहेत) : −२००, −६००, −१६००, −१०००. बेरीज −३४००, सरासरी −८५०. सरासरी चुकीची नाही, पण टोक तिच्यात बुडून गेलं. म्हणून आलेखाखाली 'दर मिनिटाला' की 'तासाची सरासरी' हे लिहिलेलं असलंच पाहिजे. हवेच्या गुणवत्तेचा आकडा बघतानाही हाच प्रश्न विचारा : हा आत्ताचा धूर आहे, की २४ तासांची सरासरी?

प्रश्न ४ : शेवटचा आकडा कधीचा?
प्रयोग चालू असताना लॅपटॉपचं वायफाय गुपचूप बंद करा. पानावर रेघ तशीच राहते. मुलं म्हणतील, "सर, आता बदल होत नाहीये." बदल होत नाहीये, की बातमीच येत नाहीये? या दोन गोष्टी पडद्यावर सारख्याच दिसू शकतात. लोकलचा ठिपका स्टेशनवर थांबलेला दिसतो तेव्हाही हेच होऊ शकतं, गाडी केव्हाच पुढे गेलेली असते. एक खूण सांगून ठेवा : खरा संवेदक कधीच अगदी शांत नसतो, थोडी थरथर असतेच. रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली की संशय घ्या. चांगल्या पानावर 'शेवटची नोंद ११:४२:०५' असं लिहिलेलं असतं. तुमची मुलं स्वतः पान बनवत असतील, तर ही ओळ सक्तीची करा, आणि दहा सेकंद नवा आकडा आला नाही तर रेघ करडी करायला सांगा.

प्रश्न ५ : मधला खंड कसा दाखवलाय?
पाच मिनिटं जोडणी तुटली आणि मग पुन्हा आकडे येऊ लागले. पान जर आकडे फक्त ओळीने मांडत असेल, तर ती पाच मिनिटं चित्रातून गायबच होतात. वेळेप्रमाणे मांडले पण दोन टोकं रेघेने जोडली, तर मधे काय झालं ते आपल्याला माहीत आहे असा भास होतो. प्रामाणिक पद्धत एकच : जागा रिकामी सोडायची. मुलांना सांगा, प्रयोगवहीत न घेतलेलं निरीक्षण भरायचं नाही, तसंच हे.

५. वीज नसेल तर : माणसांचा लाइव्ह आलेख

लॅपटॉप नाही म्हणून पाठ सोडू नका. शिक्षकांनी भांड्यात गरम पाणी ओतावं आणि तापमापी ठेवावी. पाच मुलं निवडा. पहिलं मूल दर ३० सेकंदांनी तापमान वाचतं (संवेदक). दुसरं वेळ आणि आकडा चिठ्ठीवर लिहितं (प्रोग्राम). तिसरं चिठ्ठ्या सांभाळतं (सर्व्हर). चौथं त्याच्याकडे जाऊन चिठ्ठी मागून आणतं (ब्राउझर). पाचवं फळ्यावर बिंदू काढतं (चित्र). बाकी वर्ग फक्त फळ्याकडे बघतो, भांड्याकडे पाठ करून.

पाच मिनिटं झाली की चौथ्या मुलाला खुणेने दोन मिनिटं दाराबाहेर थांबवा. वर्गाला विचारा : "आता पाण्याचं तापमान किती?" कुणी फळ्यावरचा शेवटचा आकडा सांगेल, कुणी उताराचा अंदाज बांधेल, एखादी मुलगी म्हणेल, "सांगता येणार नाही." चर्चा इथेच रंगते. नंतर चिठ्ठ्यांवरची वेळ खोडून त्या पिसून द्या आणि आलेख काढायला सांगा. पाणी थंडच होत गेलं असल्याने काही जण क्रम ओळखतीलही, पण कोणती चिठ्ठी किती वाजताची हे कुणालाच नेमकं सांगता येणार नाही. आकड्याइतकीच वेळ महत्त्वाची का, हे त्या क्षणी पटतं.

६. स्वाध्याय

१) चौकटीची उंची ४०० ठिपके, पट्टी २० ते ४० अंश सेल्सिअस. २५ अंशाचा बिंदू वरून किती ठिपक्यांवर येईल? (उत्तर : ३००)
२) घरी मोठ्यांसोबत कोणताही एक लाइव्ह आलेख किंवा नकाशा उघडा. पाचही प्रश्नांची उत्तरं पानावर सापडतात का ते लिहा. न सापडलेल्या प्रश्नापुढे 'पानावर दिलेलं नाही' असं लिहा, अंदाज लिहू नका.
३) कुलाब्याला तासाला एकच नोंद घेतली असती, तर १८५९ च्या वादळाबद्दल आपल्याला काय कळलं नसतं? पाच वाक्यांत लिहा.

मूल्यमापनासाठी : आलेख सुंदर काढला याला कमी गुण ठेवा. अक्षावर एकक लिहिलं का, वेळ लिहिली का, खंड रिकामा सोडला का, याला जास्त.

पालकांना दोन शब्द

यातलं कोडिंग तुम्हाला येत नसेल तरी काही बिघडत नाही. मूल फोन दाखवून म्हणालं, "बघ ना आई, लाइव्ह दाखवतंय," तर एवढंच विचारा : "शेवटचा आकडा किती वाजताचा आहे रे?" कुलाब्याच्या वहीत आकड्याशेजारी वेळ लिहिलेली होती, म्हणूनच दीडशेहून अधिक वर्षांनीही ती उपयोगी पडते. आपल्या मुलांनी बनवलेल्या पानांना तेवढी एक सवय लागली, तरी या दोन तासिका कारणी लागल्या.

वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी कोणता आलेख निवडला आणि कोणत्या प्रश्नाचं उत्तर पानावर सापडलं नाही, ते जरूर कळवा.